एमएनएमए एन्झाइमबद्दलच्या माझ्या पोस्टचा खुलासा

गेल्या आठवड्यात मी लिहिलं होतं की ई. कोलाय जिवाणूतलं एमएनएमए हे एन्झाइम सिस्टीन या अमिनो आम्लातला गंधक स्वतःच काढून घेतं आणि टी-आरएनएवर (प्रथिनं बनताना अमिनो आम्लं वाहून आणणाऱ्या रेणूवर) बसवतं. ते वाक्य चुकीचं होतं, आणि नेमकं त्याचंच चित्र करून आता ग्रुपवर फिरतंय. चूक माझीच.

सिस्टीनमधून गंधक सोडवतं ते आयएससीएस हे दुसरं एन्झाइम. तिथून तो टसए, मग टसबीसीडी, मग टसई अशा प्रथिनांच्या हातून एमएनएमएपर्यंत पोचतो. विहिरीवरून घागरी हातोहात पुढे सरकाव्यात तसा. ही साखळी 2006 साली जपानी संशोधकांनी उलगडली. त्याआधी 2003 मध्ये परीक्षानळीत नुसत्या आयएससीएस आणि एमएनएमएवर काम भागलं होतं. मी ते घाईत वाचलं आणि आयएससीएसच गाळून टाकलं.

एमएनएमएचं काम शेवटच्या टप्प्याचं. टी-आरएनएसकट त्याची स्फटिकरचनाही 2006 मध्येच प्रसिद्ध झाली. लायसिन, ग्लुटामेट आणि ग्लुटामिन ही अमिनो आम्लं वाहणाऱ्या टी-आरएनएतलं 34 व्या जागेवरचं युरिडीन (आरएनएच्या घटकांपैकी एक) हे त्याचं लक्ष्य. एटीपी हा पेशीतला ऊर्जा पुरवणारा रेणू खर्चून ते युरिडीनच्या दुसऱ्या कार्बनवरचा ऑक्सिजन आधी निघण्याजोगा करतं, मग त्या जागी गंधक येतो. कोडॉन (कोणतं अमिनो आम्ल जोडायचं ते सांगणारे तीन अक्षरी संकेत) नीट वाचले जायला हा बदल लागतो.

फिरत्या चित्राखाली कुणीतरी ‘म्हणून सिस्टीनच्या गोळ्या घ्या’ असंही जोडलंय. जिवाणूतल्या या रचनेवरून तसं काहीच निघत नाही.

ते चित्र कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवलं असेल, तर त्याच ग्रुपवर हा मजकूर टाका.