‘एका तासाच्या कामाला आठवडा लावला’ या अभिप्रायास लॅपटॉप दुरुस्ती दुकानाच्या मालकाचे उत्तर

सस्नेह नमस्कार,

आमच्या दुकानाला एकच तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी वाचला. लॅपटॉप हाताशी नसल्यामुळे आपली कामे खोळंबली, याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. विंडोज फॉरमॅट करण्याच्या एका तासाच्या कामाला आम्ही आठवडा लावला, तोवर लॅपटॉप दुकानात ‘धूळ खात पडला होता’, गरज नसताना हार्डडिस्क बदलायला लावली, खासगी पासवर्ड मागितला आणि परत मिळाल्यावर टचपॅड नीट चालत नव्हता, असे आपले म्हणणे आहे. प्रत्येक मुद्द्याला मी उत्तर देणार आहे. परंतु ‘धूळ खात’ हे शब्द मला फार लागले, म्हणून आधी त्या आठवड्याविषयीच लिहितो.

आपण लॅपटॉप सोमवारी संध्याकाळी दिलात. तो सुरू व्हायलाच फार वेळ घेतो, फाइल उघडताना अडकतो, म्हणून ‘सरळ फॉरमॅट मारून द्या’ असे आपण सांगितले होते. आमच्याकडे आलेला कोणताही संथ लॅपटॉप फॉरमॅट करण्यापूर्वी आम्ही त्याची डिस्क तपासतो आणि आपलीही त्याच संध्याकाळी तपासली. संगणकावर कशाचा किती ताण आहे ते दाखवणाऱ्या विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा वापर १०० टक्के दिसत होता, प्रत्यक्षात मात्र सेकंदाला जेमतेम एखाद-दुसरा एमबी वाचला जात होता. एवढ्यावरून दोष विंडोजचाच आहे असे म्हणता येत नाही; डिस्क एकाच जागी पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करून थकली असावी, अशी शंका येते. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. त्या नोंदीत वाचता न येणाऱ्या सेक्टरांची, म्हणजे डिस्कवर डेटा साठवणाऱ्या लहान कप्प्यांची, संख्या पहिल्या आणि दुसऱ्या तपासणीच्या मधल्या थोड्या वेळातही वाढली होती. लॅपटॉप आमच्याकडे देण्यापूर्वी इंटरनेटवरचा व्हिडिओ पाहून आपण डिस्क दुरुस्तीची आज्ञा रात्रभर चालवली होती, हे आपणच सांगितलेत. निरोगी डिस्कवर त्या आज्ञेने काही बिघडत नाही; पण निकामी होत चाललेल्या डिस्कचा प्रत्येक कोपरा तासन्‌तास वाचायला लावला, की उरलीसुरली ताकदही तिथेच खर्च होते. यात मी आपल्याला दोष देत नाही, कारण बहुतेक माणसे हेच करतात. पण अभिप्रायात ही गोष्ट कुठेही आलेली नाही.

आता आपण म्हणता ते एका तासाचे काम घेऊ. आपल्या सांगण्याप्रमाणे मी त्याच रात्री फॉरमॅट केले असते तर फायलींची सूची पुसली गेली असती आणि नव्या विंडोजचे कित्येक जीबी आपल्या जुन्या फायलींच्याच जागेवर लिहिले गेले असते. ज्या जागेवर नवे लिहिले जाते तिथला जुना मजकूर कोणत्याही प्रयोगशाळेला परत काढता येत नाही. शिवाय त्याच मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर टाकलेले विंडोज काही दिवसांत पुन्हा अडले असते आणि तेव्हाही दोष आमच्याच माथी आला असता. त्या रात्री घाई केली असती तर कदाचित मला पाच तारे मिळाले असते, परंतु आपल्या मुलांचे लहानपणापासूनचे फोटो गेले असते.

म्हणून आम्ही लॅपटॉप बंद करून ठेवला, आणि ‘बॅकअप आहे का? नसेल तर आधी डेटा दुसऱ्या डिस्कवर घ्यावा लागेल, त्याचा खर्च वेगळा होईल’ असे विचारण्यासाठी मंगळवारी सकाळी आपल्याला फोन केला. तो उचलला गेला नाही, म्हणून लगेच संदेश पाठवला आणि बुधवारी पुन्हा फोन केला. आपले उत्तर गुरुवारी रात्री आले. माणसाला कामे असतात, प्रवास असतो, हे मला समजते. पण त्या दिवसांत लॅपटॉप बंद होता, कारण तो सुरू ठेवल्यास डिस्क आणखी खालावली असती. आणि आपल्या परवानगीवाचून आपले खासगी फोटो व कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेणे मला योग्य वाटले नाही. त्यालाच आपण धूळ खात पडणे म्हटले आहे.

डेटा उतरवण्याचे काम गुरुवारी रात्रीच सुरू झाले. एक टीबीची चांगली डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने वाचली गेली तर साधारण तीन तासांत तिची प्रत तयार होते. खराब डिस्कचा हिशेब असा मांडता येत नाही. एक वाईट सेक्टर लागला की डिस्क स्वतःच त्यावर कित्येक सेकंद झगडत राहते, आणि असे सेक्टर हजारोंनी असतील तर दिवस कसे जातात हे शेजारी बसलेल्यालाच कळते. यासाठीचे सॉफ्टवेअर आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अवघड जागा सोडून पुढे जाते आणि शेवटी त्या जागांकडे लहान लहान तुकड्यांनी परत येते. मध्ये डिस्क बंद पडली तरी कुठपर्यंत वाचून झाले याची नोंद राहते, म्हणून काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागत नाही. हे घाईने उरकता येत नाही, आणि कोणी किती तास लागतील हे आधीच छातीठोकपणे सांगितले तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये, असे माझे प्रामाणिक मत आहे. शनिवारी रात्री प्रत पूर्ण झाली, रविवारी दुकान बंद असते आणि सोमवारी दुपारी नव्या एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर, चालणारा आपला लॅपटॉप तयार होता. ज्या थोड्या फायली वाचता आल्या नाहीत त्यांची यादी आपल्याला दिली आहे. फोटोंचे सगळे फोल्डर शाबूत आहेत, आणि अभिप्रायात याचा एका शब्दानेही उल्लेख नाही, याचे मला वाईट वाटते.

हार्डडिस्क गरज नसताना बदलायला लावली नाही, हे एव्हाना स्पष्ट झाले असावे. लॅपटॉप संथ होण्याचे खरे कारण तीच होती.

पासवर्ड आम्ही विचारला तो उतरवलेल्या फायली प्रत्यक्ष उघडतात का हे पाहण्यासाठी. कारण फाइलचे नाव दिसले म्हणजे आतला मजकूर धड असतोच असे नाही. तो सांगायचा नसेल तर समोर बसून स्वतः टाकावा, आणि सांगितला तर काम झाल्यावर बदलावा, हे पावतीच्या मागे छापलेले आहे. तरीही यापुढे हे तोंडी समजावून सांगण्याकडे आम्ही अधिक लक्ष देऊ.

टचपॅडविषयी मात्र कळकळीची विनंती आहे. तो आमच्या हातून बिघडलेला नाही. त्याच्या खालची लिथियम-आयन बॅटरी फुगली आहे आणि ती टचपॅडला आतून वर ढकलते, म्हणून क्लिक नीट होत नाही. ही नोंद पावतीवर आहे आणि ‘बॅटरी नंतर पाहू’ असे आपण म्हणाला होतात. बॅटरी जुनी झाली, सतत उष्णतेत आणि पूर्ण चार्ज अवस्थेत राहिली, की तिच्या आतील द्रव विघटित होऊन वायू तयार होतो आणि ती फुगते. आपण आमच्यावर नाराज असलात तरी तो लॅपटॉप चार्जिंगला लावून निघून जाऊ नका, गादीवर ठेवून वापरू नका, टचपॅड दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नका आणि ती बॅटरी कचऱ्यात टाकू नका. टोचली किंवा चेपली गेली तर ती पेट घेऊ शकते. आमच्याकडे यायचे नसेल तर दुसऱ्या कोणत्याही जाणकाराकडून बदलून घ्या, पण लवकर घ्या.

फोनवर आमचा कारागीर तुटक बोलला असे आपल्याला वाटले, त्याबद्दलही दिलगिरी व्यक्त करतो. मी त्याच्याशी बोललो आहे. लॅपटॉप जमा करतानाच बॅकअप आहे का, डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, केलेली असल्यास तिची ४८ अंकी रिकव्हरी की कुठे जपून ठेवली आहे आणि फोन लागला नाही तर कोणाला विचारायचे, हे लिहून घेण्याची पद्धत आम्ही सुरू करत आहोत. कामाची खबर वेळोवेळी कळवण्यातही सुधारणा करू.

आमचे दुकान लहान आहे आणि नवा ग्राहक येण्यापूर्वी सर्वांत वरचा अभिप्राय वाचतो. त्यावर माझ्याबरोबर काम करणाऱ्यांचीही घरे चालतात. आपण अभिप्राय काढून टाकावा असे मी म्हणत नाही, तो आपला हक्क आहे. उशीर झाला असे अवश्य लिहा. फक्त मधले दिवस आम्ही आपल्या उत्तराची वाट पाहत होतो आणि फोटो परत मिळाले, या दोन गोष्टी त्यात जोडाव्यात, एवढीच विनंती आहे. जुनी हार्डडिस्क आपल्या नावाच्या पाकिटात मोहोरबंद ठेवली आहे. तिच्यात आपला डेटा असल्याने ती आम्ही परस्पर टाकून देत नाही. पावती दाखवून ती घेऊन जावी.

आपला नम्र,
दुकानाचा मालक