बंदूक त्याची, चिंध्या माझ्या

शनिवारी कुरिअरच्या दुकानात एका अनोळखी काकांनी अख्ख्या रांगेसमोर माझी लाज काढली. खरं तर माझा त्यात काडीचाही संबंध नव्हता, सगळा संबंध माझ्या मेहुण्याचा, आणि तो बसलाय पेनसिल्व्हेनियात. हे आधीच सांगून ठेवतो कारण आमच्या घरात या गोष्टीचं वेगळंच व्हर्जन फिरतंय.

तर मेहुण्याने बंदूक घेतली. डोंबिवलीत असताना झुरळ दिसलं की पलंगावर चढून आईला हाका मारणारा माणूस, तो आता शेजारच्या एका गोऱ्याच्या नादाने हरणाच्या शिकारीला निघालाय. बरं बंदूक तरी साधी घ्यावी, तर नाही, ठासणीची. म्हणजे नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू ओता, गोळी घाला, गजाने ठासा, मग चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटणार, ठिणगी नीट पडली तर बार उडेल आणि नाही पडली तर हरणाचं नशीब. त्यांच्याकडे म्हणे ख्रिसमस झाला की २६ डिसेंबरपासून खास गारगोटीच्या बंदुकांचाच सीझन असतो, तेव्हा दुसरी बंदूक चालत नाही. फोन दर वर्षी नवा लागतो याला, पण बंदूक मात्र पेशवाईतली.

तेव्हापासून आमचा रविवार सकाळचा व्हिडिओ कॉल म्हणजे शस्त्रपूजा झालीय. आधी ‘नवीन बंदूक लगेच वापरायची नसते भावोजी’ इथपासून सुरुवात. नळीत कंपनीने गंज लागू नये म्हणून ग्रीस भरलेलं असतं, ते स्पिरिटच्या फडक्याने पार पुसून काढायचं, कारण तेल राहिलं की दारू भिजते आणि बार फुसका जातो. गारगोटी पकडीत नुसती घालायची नाही, तिला चामड्याचा तुकडा गुंडाळायचा. गजावर खूण करून ठेवायची, म्हणजे गोळी दारूवर टेकली की अधेच अडकली ते कळतं, कारण मधे पोकळी राहिली तर नळीच फुटायची. नेम लावायचा तो आधी पंचवीस यार्डांवर, मग पन्नास. मी हं हं करत पोहे खातो. बायको मात्र असे डोळे करून ऐकते की भाऊ इस्रोत लागलाय.

आणि साफसफाई! तो एक वेगळाच अध्याय. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक, जळल्यावर नळीत जी काजळी उरते ती हवेतलं पाणी ओढते, त्यामुळे बार काढले त्याच दिवशी नळी धुतली नाही तर गंज धरला म्हणून समजा. मग हा गॅरेजमध्ये बादली घेऊन बसतो, गरम पाणी, भांड्यांचा साबण, आणि बाळाला आंघोळ घालावी तशी ती नळी घोळून घोळून धुतो, पुसतो, तेल लावतो, दुसऱ्या दिवशी उठून परत बघतो. सडक्या अंड्याचा वास सुटतो म्हणून त्याच्या बायकोने त्याला घरातून गॅरेजमध्ये हाकललंय. ती बाई मला एकदम आवडायला लागलीय. आमच्याकडे जुलैत कपाटातले चामडी पट्टे हिरवे होतात, इथे ही बंदूक एक पावसाळा तरी टिकली असती का सांगा.

आता मुख्य मुद्दा, चिंधी. या बंदुकीत गोळी नुसती जात नाही, ती कापडाच्या तुकड्यात बसवून जाते. त्याची पन्नास कॅलिबरची, म्हणजे नळीचं भोक अर्ध्या इंचाचं, आणि गोळी .४९० इंचाची, मधली फट भरायला तेल-चरबी लावलेली चिंधी. ती नळीतल्या आट्यांना घट्ट धरते म्हणून गोळी फिरत जाते. कापड घट्ट विणीचं पाहिजे, आणि शंभर टक्के सुती. पॉलिस्टर असेल तर आत वितळतं आणि नळीला चिकटून बसतं. तिकडे जुन्या काळापासून यासाठी गादीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड वापरतात. हे त्याने सांगितलं मात्र, बायको म्हणाली, ‘अगोबाई, ते आपल्याकडे ढिगाने मिळतं. हे पाठवतील.’

‘हे’ म्हणजे मी.

मंगलदास मार्केटबद्दल फार लिहीत नाही. त्या गर्दीत शिरून ‘पंधरा हजारांश इंच जाडीचं गादीचं कापड’ मागून बघा एकदा. मेहुण्याने जाडी मोजायला मायक्रोमीटर न्यायला सांगितलं होतं, नागदेवी स्ट्रीटला मिळेल म्हणाला, घरबसल्या. मी नेला नाही. दुकानदाराने गादी किती बाय किती विचारलं, मी म्हटलं गादी नाही, बंदूक, तो म्हणाला कितना मीटर चाहिए. शंभर टक्के कॉटन? ‘हंड्रेड परसेंट साहब, प्योर.’ संपलं.

पुढचं कुरिअर. इथे एक सांगायला पाहिजे की २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने आठशे डॉलरच्या आतल्या मालावरची ड्यूटी-माफी बंद केली, तेव्हापासून तिकडे साधा फडका पाठवायचा तरी काय आहे, कशाचं आहे, किती रुपयांचं आहे, सगळं लिहून द्यावं लागतं. काउंटरवरची मुलगी बिचारी बरी होती. पण मेहुण्याने वरचं लेबल स्वतः टाइप करून पाठवलेलं आणि बायकोने ते प्रिंट काढून डबल टेप मारून चिकटवलेलं, ‘मझलोडर पॅचेस’.

‘सर आत काय आहे?’

‘कापड.’

‘मग हे मझलोडर?’

‘ते तिकडच्या माणसाने लिहिलंय. आत फक्त कापड आहे.’

‘हो पण मझलोडर म्हणजे काय?’

मी काहीतरी गोलमोल सांगणार एवढ्यात मागून घोगरा आवाज आला, ‘ठासणीची बंदूक.’

वळून बघतो तर सत्तरीकडे झुकलेले एक काका, पांढरा लेंगा, वर फुल शर्ट, हातात पिशवी, पिशवीतून मालवणी मसाल्याचा वास. आणि रांग माझ्यापासून लांब सरकलेली. एका बाईने तर मुलाला कडेवर घेतलं.

‘आमच्या गावी आहे,’ काका सगळ्यांना उद्देशून म्हणाले. ‘डुकरांसाठी. यात काय घाबरायचं?’

मुलगी म्हणाली, ‘सर बंदूक आम्ही घेत नाही.’

‘अहो बंदूक नाहीये! बंदूक तिकडेच आहे! ही तिची चिंधी आहे!’ हे मी जरा मोठ्याने बोललो असेन, मान्य.

आता यातली गंमत बघा. मेहुण्याला ती बंदूक मिळाली कशी? पार्सलने. घरपोच. तिकडे १९६८ च्या कायद्यात ही जुन्या धाटणीची ठासणीची बंदूक बंदुकीत धरतच नाहीत, त्यामुळे केंद्राकडून ना लायसन ना काही, ऑर्डर टाकली आणि आली. आणि इकडे राजापूरला माझ्या काकांकडे तीच वस्तू आहे, आजोबांपासूनची, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर, तर निवडणूक लागली की ती उचलून पोलीस स्टेशनला जमा करायची. २०२४ ला लोकसभा झाली, विधानसभा झाली, माकडांनी नारळाचे कोवळे कोवळे शहाळे पाडले आणि काका खाली उभे राहून हातातल्या काठीने हुशश करत होते. परवाना तरी २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीनाऐवजी पाच वर्षांचा झालाय. थोडक्यात तिकडे आख्खी बंदूक पोस्टाने येते आणि इथून तिचं फडकं जाताना माझं आधार कार्ड, त्याची झेरॉक्स, त्या झेरॉक्सवर सही, आणि ‘सर जरा बाजूला बसा, साहेबांना विचारते.’

बसलो. प्लास्टिकचं स्टूल, एक पाय लुळा. माझ्या मागून आलेल्यांच्या लोणच्याच्या बरण्या, चकल्या, दिवाळीचे कंदील सगळं सटासट जात होतं.

शेवटी साहेब फोनवर म्हणाले की लेबल काढा आणि नुसतं फॅब्रिक म्हणून टाका. झालं की! पण फॅब्रिक म्हटलं की कॉम्प्युटर पुढचं विचारतो.

‘कंपोझिशन काय सर? कॉटन किती परसेंट?’

‘शंभर.’

मागून ‘हॅ’ असा आवाज. काकांचाच. त्यांचा नंबर आला होता पण ते नंबर सोडून माझ्या शेजारी येऊन उभे राहिलेले. विचारलंही नाही, पार्सलच्या फाडलेल्या लेबलाखालच्या भोकातून दोन बोटं घालून कापडाचं टोक ओढलं, अंगठ्यावर घासलं, उजेडात धरलं.

‘कोण म्हणालं शंभर?’

‘दुकानदार.’

‘दुकानदार,’ काका रांगेला म्हणाले. रांग हसली. मघाशी घाबरून लांब गेलेली हीच ती रांग, ती आता चांगली जवळ आली होती.

‘साचेवाला होतो मी,’ काका म्हणाले. ‘मिलमध्ये, साचा खात्यात, मागावर. जानेवारी ब्याऐंशीच्या संपात दत्ता सामंत डॉक्टरसाहेबांच्या मागे बाहेर पडलो ते पडलोच. हे कापड माझ्यासमोर ठेवू नका.’ मग त्यांनी नखाने ताण्यातला एक धागा सोडवला, बाण्यातला एक, दोन्ही वेगवेगळ्या चिमटीत धरले आणि खिशातून काडेपेटी काढली.

‘काका माचिस नाही! कॅमेरा आहे वर!’ मुलगी किंचाळली.

‘दोन मिनिटं, बाळा.’

तर चित्र असं की कुरिअरचं बंद काचेचं दुकान, चहूकडे पुठ्ठ्याची खोकी, ज्या पार्सलवर आत्तापर्यंत बंदूक बंदूक चाललं होतं ते पार्सल, आणि त्याच्यावर वाकून एक माणूस काडी ओढतोय, आणि एकाही माणसाने त्याला अडवलं नाही. उलट एकाने मोबाइल काढला. माझं फडकं धोकादायक, काकांची काडी चालते.

पहिला धागा भुर्रकन जळला, बोटाने चोळला तर करडी राख, जळक्या कागदाचा वास. ‘हा बाणा. हा सुती. बरोबर.’ दुसरा धागा ज्योतीपासून मागे मागे पळाला, आक्रसला, आणि टोकाला एक काळी चकचकीत गुठळी झाली. काकांनी ती थंड होऊ दिली आणि माझ्या तळहातावर ठेवली. टणक. नखाने फुटेना.

‘हा ताणा. पॉलिस्टर. तुमच्या त्या बंदुकीत हे गेलं तर नळी खरवडत बसेल तो वर्षभर.’

हे माहीत असण्याची या माणसाला काही गरज होती का? पण बरोबर होतं, मेहुण्याने अगदी हेच सांगितलेलं. मी निमूटपणे म्हटलं, ‘माझे वडील पण मिलमध्येच होते. स्पिनिंगला.’ कशाला म्हटलं देव जाणे.

काकांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘मिलवाल्याचा पोरगा ना तू? आणि पॉलिस्टर घेऊन आलास?’

ते एकदम तुम्हीवरून तूवर आले, आणि रांगेतल्या माना हलल्या, हो ना, म्हणून. मला सांगा, मी कुठून ओळखणार? वडिलांनी कधी घरी कापड ओळखायला शिकवलं नाही, घरी आले की अंगावरचा कापूस झटकायचे आणि झोपायचे, संपानंतर त्यांनी भाजीची गाडी लावली, वॉचमनगिरी केली, मिलचा विषय निघाला की उठून बाहेर जायचे. त्यांच्या खात्याच्या जागी आज उंच टॉवर आहे, मी तिथल्या मॉलमध्ये एसी खायला जातो, आणि त्या मॉलमध्येही शंभर टक्के कॉटनचं काय मिळतं ते एकदा लेबल उलटून बघा. या मुंबईत कापडाच्या जिवावर पिढ्या जगल्या आणि आज शुद्ध सुती चार मीटर पाहिजे तर एका फसवणाऱ्या दुकानदारावर विश्वास ठेवा नाहीतर रांगेत काडेपेटीवाला भेटायची वाट बघा, यात लाज मला का वाटावी?

तर हे सगळं मला घरी आल्यावर सुचलं. तिथे मी फक्त ‘हो काका’ म्हणालो.

मुलगी म्हणाली, ‘सर मग मी सिक्स्टी-फोर्टी टाकू?’ मी पार्सल उचललं. काकांची पिशवी वजनकाट्यावर गेली, त्यात मसाला, कुळथाचं पीठ आणि वर कसलीतरी काळी पूड भरलेली बाटली. ‘हे काय?’ मुलीने विचारलं. ‘घरचं दंतमंजन.’ ‘ओके, होम मेड,’ टक्, गेलं. काळी पूड! बाटलीभर! अमेरिकेला! एक प्रश्न नाही.

परत जाताना काका दारात थांबून म्हणाले की मांजरपाट घे, कोरं, दोनदा धुवून पाठव म्हणजे खळ निघते, आणि घेताना दुकानातच धागा जाळून बघ. म्हणजे मंगलदासमध्ये. काडेपेटी घेऊन. मी.

दुकानदाराने माल परत घेतला नाही, ‘कट किया हुआ वापस नहीं होता’. बायकोने त्या कापडाच्या उश्यांच्या खोळी शिवायला घेतल्यात. भावाला तिने फोनवर सांगितलं की यांना नीट बघून घेता आलं नाही रे, आणि मी शेजारीच बसलेलो. तो मोठ्या मनाने म्हणाला, असू दे, भावोजींना कुठे कळतं यातलं. मग कालच्या रविवारी त्याने नवीन काढलंय, चिंधीला लावायला मेण आणि चरबीचं मिश्रण म्हणे तो घरीच बनवणार, तर मुंबईत शुद्ध मधमाशीचं मेण कुठे मिळेल.

बायको म्हणाली, ‘विचारायला काय जातंय? नाहीतरी शनिवारी तुम्हाला काय काम असतं?’