फोनमधली भुताची गाणी घालवायचे खात्रीशीर उपाय

तुम्ही कधीच न टाकलेली गाणी तुमच्या फोनमध्ये वाजतात का? अभिनंदन! गाडीचा ब्लूटूथ जोडला की अभिषेकीबुवांच्या अभंगाऐवजी कुणा 'अननोन आर्टिस्ट'चं टुंगटुंग सुरू होतं, तेही नेमकं पणजीच्या अटल सेतूवर, मागच्या सीटवर सासूबाई असताना? परवाच भोगलंय, म्हणून अधिकारानं सांगतो.

आधी सोपं. गाण्यावर बोट दाबून धरा, डिलीट करा. गेलं. फोन बंद करून चालू करा. आलं. श्रद्धा ठेवून करत राहा.

मग नेटवर शोधा. तिथले भले लोक अजून सांगतात, गूगल प्ले म्युझिकच्या सेटिंगमध्ये जा. अ‍ॅप २०२० मध्ये बंद पडलं, सल्ला अमर आहे.

नाहीतर गोव्यात म्हापशाला मोबाईलवाल्याकडे जा, तो फोन हातात न घेताच म्हणेल, "फॉरमॅट मारूया मरे." फक्त शुक्रवारी जाऊ नका, त्या दिवशी तिथं आठवड्याचा बाजार.

आता खरा उपाय. म्युझिक प्लेअर फोल्डर बघत बसत नाही, अँड्रॉइड आत स्वतःची एक यादी ठेवतं ती वाचतो. त्यामुळे फाईल उडवली तरी यादीत नाव राहू शकतं, मेलेल्या माणसाचं रेशनकार्डावर राहतं तसं. तर सेटिंग, अ‍ॅप्स, तीन टिंबं, 'शो सिस्टीम', मग 'मीडिया स्टोरेज', मग क्लिअर डेटा. हे बटण प्रत्येक कंपनीनं वेगळीकडे लपवलंय, काहींनी तर करडं करून ठेवलंय म्हणजे दिसतं पण दबत नाही, आणि दबलंच तर फोन सगळी यादी नव्यानं बनवतो आणि त्यात काय येतं? ग्रुपवर फॉरवर्ड झालेली भजनं, गेल्या चवथीच्या आरतीचं रेकॉर्डिंग ज्यात झांजांपेक्षा काकाचा खोकला जास्त, कॉल रेकॉर्डिंग, "हां, पोचलो" एवढंच ४ सेकंदांचं, हे पण म्हणे गाणं! असल्या फोल्डरमध्ये '.nomedia' (डॉट नोमीडिया) नावाची रिकामी फाईल टाका, मग तो फोल्डर वगळला जातो. (फोटोंच्या फोल्डरमध्ये टाकू नका, गॅलरी ओस पडेल, मग मला शिव्या.)

एवढं करूनही एक गाणं उरतं. कंपनीनंच फोनमध्ये भरून दिलेलं. ते सिस्टीमच्या भागात असतं, तिथं आपल्याला हात लावता येत नाही. फोन रूट करा, म्हणजे सिस्टीमचं कुलूपच तोडा, म्हणतात! म्हणजे वॉरंटीवर पाणी सोडा, आणि बँकेची अ‍ॅपं तोंड फिरवतील ते वेगळंच. एका गाण्यासाठी!

मस्करी गेली खड्ड्यात. अरे, पैसे मी मोजले ना? १२८ जीबी म्हणून विकता, त्यातली कितीतरी जागा तुमच्याच सामानानं अडवता, वर माझ्याच फोनमधली फाईल काढायची मला परवानगी नाही? ऐकायचं की नाही हे तुम्ही कोण ठरवणार? पुढच्या अपडेटला नवीन इमोजी नकोत, वॉलपेपर नकोत. काढायचं बटण द्या, आणि 'डिलीट झालं' असं लिहून दाखवता तर ते डिलीट करा.