झोंबतंय म्हणजे कातडी आवळतेय?

रविवारी सकाळी ताई बाथरूममधून बाहेर येईना. दार वाजवलं तर म्हणाली, "थांब गं, सुटत नाहीये." पोटाभोवती पारदर्शक प्लास्टिकचे सात-आठ वेढे, आत लिंबाचा रस आणि कसलंसं मलम, आणि हे सगळं रात्रभर. कात्रीनं कापून काढलं. ओटीपोटावर ओघळलेली घडी उचलली तर खाली तळहाताएवढी जागा लालभडक, मधे साल सुटलेली, कडेनं बारीक पुळ्या. "झोंबत होतं तर काढलं का नाहीस?" असं विचारल्यावर तिनं फोनच पुढे केला. त्यात लिहिलं होतं: 'झोंबले तर घाबरू नका, कातडी आवळत असल्याची ती खूण आहे.'

दीड वर्षात 41 किलो उतरवलेली बाई आहे ही. मेसेज पाठवला आमच्याच काकांनी, 'तुझ्या उपयोगाचं' म्हणून. शीर्षक: 'लोंबणारी कातडी 21 दिवसांत टाइट, ऑपरेशन विसरा!' खाली सहा मुद्दे. सगळ्यांना सारखा वेळ द्यावा एवढी त्यांची लायकी नाही.

पहिला मुद्दा प्लास्टिकचा. रस चोळा, घट्ट गुंडाळा, घाम काढा, 'पैलवान आणि बॉक्सरसुद्धा हेच करतात.' करायचे, खरंय. पुढे काय झालं तेही ऐका. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, जेमतेम महिन्याभरात, अमेरिकेतले तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर मेले. वयं 19 ते 22. वजनगटात बसण्यासाठी, घाम उडू न देणारे सूट चढवून, गरम जागेत व्यायाम करत होते. सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेनं फेब्रुवारी 1998 मध्ये तिन्ही मृत्यूंचा अहवाल छापला. महाविद्यालयीन क्रीडासंघटनेनं तर त्याआधीच, जानेवारीत, असे सूट बंद करून टाकले होते. आणि ती मुलं हे कातडीसाठी करत नव्हतीच. काट्यावरचा आकडा तेवढ्यापुरता खाली आणायला करत होती, जो पाणी प्यायलं की परत येतो. मेसेजवाल्यानं साक्षीला उभी केली तीच माणसं त्याच्या विरुद्ध साक्ष देतात.

घाम म्हणजे पाणी आणि मीठ. कातडी सैल पडते ती आत पाणी साचलं म्हणून नाही. त्वचेच्या मधल्या थरात कोलॅजनचे दोर असतात आणि इलॅस्टिनचे रबरासारखे तंतू. वर्षानुवर्षं ताणलेले राहिले की ते तुटतात, विस्कटतात, आणि धड नवं इलॅस्टिन मोठेपणी शरीर फारसं बनवतच नाही. इलॅस्टिक गेलेला पायजमा रात्रभर प्लास्टिकमध्ये बांधून ठेवला तर सकाळी कमरेला बसतो का? 'पण सकाळी पोट जरा चापून बसल्यासारखं दिसतं गं,' ताई म्हणाली. दिसणारच. सोफ्यावरून उठल्यावरही गादीत खळगा राहतो. थोड्या वेळानं भरतो.

आता ते झोंबणं. पीएच म्हणजे आम्लतेचं माप, आकडा जितका लहान तितकं आम्ल तीव्र. त्वचेच्या पृष्ठभागाचा पीएच साधारण 5, लिंबाच्या रसाचा 2 ते 2.5. पीएचचा एक आकडा म्हणजे दहापट फरक, म्हणजे इथे आम्लता काहीशे पट. ते घडीत कोंडायचं, जिथे ओल आणि घासणं आधीपासूनच चालू. घडीतल्या अशा दाहाला डॉक्टर इंटरट्रायगो म्हणतात. ओल राहिली की त्यावर कॅन्डिडा नावाची बुरशी चढते. कडेच्या पुळ्या तिच्याच निघाल्या. ताईला हवं होतं नेमकं उलटं: घडी कोरडी ठेवणं आणि बुरशीवरचं मलम. तेव्हा कुठे कळलं की गेले सहा महिने ती घडीखाली घडी घातलेला रुमाल ठेवते, दिवसातून तीनदा बदलते. घरात कुणाला पत्ता नाही. वजन उतरल्याचं कौतुक मात्र सगळ्यांनी केलं. काकांनीसुद्धा.

दुसरा मुद्दा कोलॅजन क्रीमचा. इथे एकच गोष्ट पुरते. सन 2000 मध्ये बोस आणि मायनार्डी यांनी त्वचाविज्ञानाच्या एका नियतकालिकात '500 डाल्टनचा नियम' (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) मांडला: साधारण 500 डाल्टनपेक्षा मोठा रेणू निरोगी त्वचेच्या वरच्या थरातून आत जात नाही. कोलॅजनचा रेणू 3,00,000 डाल्टनच्या आसपास. क्रीम लावल्यावर त्वचा मऊ लागते, कारण कुठलंही चांगलं मॉइश्चरायझर लावलं की ती मऊ लागते. ट्रेटिनॉइनसारख्या औषधी मलमानं उन्हानं आलेल्या बारीक सुरकुत्या कमी होतात, एवढं मान्य. पण सुरकुती वेगळी आणि हातात धरता येणारी घडी वेगळी.

तिसरा: रोज पाच लिटर पाणी. शरीरातलं पाणी फार कमी झालं की चिमटीत धरलेली त्वचा हळू मागे जाते, तेवढ्यावरून हा शोध लागला असावा. तहान भागल्यावर ढोसलेलं जास्तीचं पाणी लघवीवाटे जातं, आणि फारच अति केलं तर रक्तातलं सोडियम धोकादायक खाली येतं.

चौथा मुद्दा, व्यायामानं भरून येतं, यात तथ्य आहे. नाइलाजानं म्हणते, कारण नेमका हाच मुद्दा त्यांनी एका ओळीत उरकलाय. वजनं उचलून दंड-मांड्यांचे स्नायू वाढले की सैल कातडीखाली थोडा भराव मिळतो. कातडी स्वतः आखडत नाही. पोटावर तर हा भराव फारच कमी पडतो.

पाचवा: 'सावकाश वजन उतरवले असते तर लोंबलीच नसती.' हा सल्ला आहे की टोमणा? किती किलो उतरले, किती वर्षं ते अंगावर होतं, वय, धूम्रपान, ऊन, आनुवंशिकता, यांचा वाटा मोठा. आणि 41 किलो उतरवून झालेल्या बाईला हे आता सांगून काय मिळतं?

सहावा: ऑपरेशन म्हणजे डॉक्टरांचा धंदा. धंदा करणारे असतीलही. दोन-चार सिटिंगमध्ये पोट सपाट करून देतो म्हणणारी मशिनंही आहेत. रेडिओफ्रीक्वेन्सी, अल्ट्रासाउंड यांचा उपयोग थोड्याशा सैलपणाला होतो. पण एवढी मोठी घडी जाते ती कापूनच. नुसती लोंबणारी कातडी काढली की पॅनिक्युलेक्टॉमी. स्नायू आवळून बेंबी नव्या जागी बसवली की टमी टक. वजन निदान सहा महिने स्थिर लागतं, सिगारेट काही आठवडे आधी बंद. टाक्यांचा व्रण बहुधा या कुशीपासून त्या कुशीपर्यंत जातो आणि कायमचा राहतो. पाणी साचणं, जखम उशिरा भरणं, पायात रक्ताची गुठळी होणं, हे धोके खरे आहेत. मेसेजवाल्यानं हे लिहिलं असतं तर मी गप्प बसले असते.

ताईचं वजन स्थिर होऊन तीनच महिने झालेत. सर्जनकडे जायच्या आधी प्रश्न लिहून काढ म्हटलं, तर तिनं कागदावर एकच ओळ लिहिली: 'नंतर रुमाल लागेल का?'