पाच ठिपके, तेरा ओळी

आमच्या सोसायटीतल्या जास्वंदीला फुलं येतात असं मी ऐकून आहे. पाहिलेली नाहीत. सकाळी सातला मी दूध आणायला खाली उतरतो तेव्हा झाड हिरवंगार आणि निर्विकार उभं असतं. ते लावलं पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी, पाणी घालतात त्याच, मुळाशी पडणारा चहाचा चोथाही त्यांच्याच घरचा. फुलं मात्र कुणाच्या देवाला पोचतात ते त्या देवालाच ठाऊक.

मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. म्हणजे त्या वर्षी वार्षिक सभेला मी वीस मिनिटं उशिरा पोचलो होतो. त्यामुळे काकूंची तक्रार माझ्याकडे आली, तीही लेखी, आणि खाली 'प्रत माहितीसाठी : अध्यक्ष, खजिनदार' असं लिहून. तक्रारीला जोर येतो तो मंगळवारी आणि संकष्टीला. त्या दिवशी लाल जास्वंदीचा भाव वधारतो आणि चोर कळ्यासुद्धा सोडत नाही.

कॅमेरे बसवायचं ठरलं. इतिवृत्तात कारण 'सुरक्षा' असं लिहिलं, जास्वंद लिहिणं बरं दिसलं नसतं. कॅमेरेवाल्यानं दोन दिवसांत आठ कॅमेरे भिंतींवर चढवले, वॉचमनच्या केबिनमध्ये एक डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारं खोकं, आणि एक टीव्ही ठेवला आणि म्हणाला, "सर, टू मेगापिक्सेल आहे. फुल एचडी. मुंगी दिसेल." पहिल्या आठवड्यात खरंच दिसली. कॅमेऱ्याच्या काचेवरच चढली होती.

चोरीचं पहिलं चित्रण पाहायला आम्ही पाच जण त्या केबिनमध्ये कसे मावलो हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. वेळ पहाटे पाच चाळीस. पडद्यावर जास्वंदीचं झाड आणि त्याच्यासमोर काहीतरी. ते जे होतं ते उभं होतं आणि पांढरं होतं. वर थोडं गोल, खाली रुंद. हातात पिशवी होती, किंवा पिशवीला हात होता.

"हा तोच!" अध्यक्ष म्हणाले. त्यांना त्यात चौदा महिने मेंटेनन्स थकवलेले गृहस्थ दिसले. खजिनदारांना हिशेबावर दर वर्षी हरकत घेणारे सभासद दिसले. काकूंना स्वतःची धाकटी जाऊ दिसली. ती नागपूरला असते. बँकेतून निवृत्त झालेले एक जण नेहमी चष्म्याच्या वरून बघतात, ते म्हणाले, "उगाच वाद कशाला? झूम करा."

मी झूम केलं. माणूस मोठा झाला नाही, चौकोन मोठे झाले. आणखी केलं. आता पडद्यावर करड्या रंगाच्या फरश्या बसवल्यासारखं दिसू लागलं. बँकवाल्यांनी पुढे वाकून त्यातल्या एका फरशीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे नाक."

अध्यक्षांनी टीव्हीचा मोबाइलवर फोटो काढला आणि तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, म्हणजे होतं नव्हतं तेही गेलं. संध्याकाळपर्यंत अठ्ठेचाळीस फ्लॅटांतून एकवीस संशयित पुढे आले. त्यांत मीही होतो. माझ्या नावाला दोन मतं पडली, त्यातलं एक आमच्याच घरातून गेलं असावं असा माझा संशय आहे.

कॅमेरेवाल्याला बोलावलं. त्यानं पडद्याकडे डॉक्टर एक्स-रेकडे बघतात तसं बघितलं आणि म्हणाला, "रिझोल्युशन कमी आहे, सर."

"अहो, पण फुल एचडी दिलंत ना?"

"कॅमेरा फुल एचडी आहे. पण रिझोल्युशन कमी पडतंय."

नाडी जोरात चालू आहे पण पेशंट नाही, असं काहीसं ते वाक्य होतं. उपाय म्हणून त्यानं आठही कॅमेरे काढून फोर-के लावायचं कोटेशन दिलं. त्यातला आकडा मात्र लांबूनही स्पष्ट दिसत होता.

त्या रात्री मी कागद-पेन घेऊन बसलो. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० ठिपके आणि उभे १०८०. गुणाकार वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे. हेच ते दोन मेगापिक्सेल. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे त्र्याऐंशी लाख. चौपट ठिपके, म्हणजे चेहरा चौपट स्पष्ट, असं मी मोठ्यांदा म्हणालो. बायको शेजारी मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "दुप्पट."

"चौपट. मी गुणाकार केलाय."

"एकवीस ठिपके एकवीस ओळींची रांगोळी काढली तर ठिपके किती? चारशे एक्केचाळीस. बेचाळीस ठिपके बेचाळीस ओळी काढली तर सतराशे चौसष्ट. रांगोळी चौपट लागते, कंबर चौपट दुखते, पण मोर रुंदीला दुप्पटच होतो ना?"

मी गप्प झालो. तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. चौपट ठिपक्यांच्या कॅमेऱ्यातून आपण आत्ता जेवढं ओळखतो तेवढं दुप्पट लांबून ओळखता येतं, बस्स. आणि तेही उजेड भरपूर असेल तर. कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या सेन्सरवर, तो तेवढ्याच आकाराचा असताना, चौपट ठिपके कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला उजेड कमी येतो. एका खोलीत चार बिऱ्हाडं राहिली की खिडकी कुणाच्याच वाटणीला धड येत नाही, तसं. आमचा चोर तर पहाटे पाच चाळीसला येतो.

"आणि ठिपके एकूण किती यावर काय आहे?" ती पुढे म्हणाली. "अंगणभर पसरलेस तर विरळच पडणार. चोराच्या अंगावर किती ठिपके पडतात ते मोज."

कॅमेऱ्याच्या धंद्यातली माणसं नेमकं हेच मोजतात, हे मला मग कळलं. आयईसी ६२६७६-४ नावाचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. समोरच्या दृश्यातल्या एक मीटर रुंदीला किती ठिपके मिळतात ते त्यात बघतात. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीतले आकडे असे. पंचवीस मिळाले तर कुणीतरी आहे एवढं कळतं. साधारण बासष्ट मिळाले तर कपडे वगैरे थोडेफार समजतात. एकशे पंचवीस असतील तर ओळखीचा माणूस ओळखू येतो. अनोळखी माणसाचीसुद्धा ओळख पटवायची तर अडीचशे हवेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मेजरिंग टेप घेऊन खाली गेलो. टेपचं एक टोक वॉचमनच्या हाती देऊन त्याला जास्वंदीपाशी उभं केलं आणि मी कॅमेऱ्याखालच्या खांबाला चिकटून उभा राहिलो. चौदा मीटर. वरून तीन गॅलऱ्यांतून डोकी बाहेर आली. चार वाजता ग्रुपवर मेसेज : 'सेक्रेटरी झाड पाडत आहेत का? वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आहे का?' पाच वाजता कुणीतरी झाडाला राखी बांधून गेलं. त्यापायी निषेधाची मीटिंगही झाली, पण ती सोडून देऊ.

तर चौदा मीटर. आमच्या कॅमेऱ्यांना २.८ मिलिमीटरची लेन्स आहे, म्हणजे नजर रुंद, साधारण शंभर अंशांची. बसवताना अध्यक्षांचाच आग्रह होता, "एकाच कॅमेऱ्यात गेट, पार्किंग, बाग, सगळं यायला पाहिजे." आलं की. चौदा मीटरवर तेहतीस मीटर रुंदीचं दृश्य येतं. १९२० ठिपके तेहतीस मीटरवर पसरले की मीटरला अठ्ठावन्न. कपडे समजायला हवेत त्याहूनही थोडे कमीच, पण अगदीच वाईट नाही.

पण मग मी डीव्हीआरच्या सेटिंगमध्ये शिरलो. तिथे लिहिलं होतं, १०८० एन. हा 'एन' म्हणजे काय, तर उभे ठिपके १०८० आणि आडवे ९६०. निम्मे! कॅमेरा बिचारा १९२० ठिपके पाठवतो आणि हे डबडं त्यातलं एकाआड एक गिळून साठवतं. वर पाहताना चित्र ताणून पुन्हा रुंद करून दाखवतं, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. दुधात पाणी घालणारा निदान पातेलं तरी तेवढंच ठेवतो. हा धंदा खोकं विकणारे उघड करतात, खोक्यावर छापूनही असतो, फक्त तो 'एन' वाचायला अडीचशे ठिपके लागतील एवढ्या अक्षरात.

म्हणजे आमच्याकडे मीटरला एकोणतीस ठिपके. माणसाचा चेहरा रुंदीला सोळा सेंटिमीटर धरला तर पाच ठिपके. उंचीला, उभे ठिपके शाबूत असल्यानं, तेरा. मी हे मोठ्या आशेनं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "पाच ठिपके तेरा ओळी? त्यात साधं कमळसुद्धा होत नाही." आणि त्यात आम्ही चौदा महिन्यांची थकबाकी आणि नागपूरची जाऊ पाहिली होती.

बँकवाले म्हणाले, चेहरा राहू द्या, निदान रात्री गेटपाशी लागणाऱ्या अनोळखी स्कूटरचा नंबर तरी वाचा. दुचाकीची मागची पाटी २०० मिलिमीटर रुंद. तेवढ्याच अंतरावर तिच्या वाट्याला सहा ठिपके आले, आणि एका ओळीत पाच अक्षरं. अक्षरामागे एक ठिपका आणि वर थोडी चिल्लर. शिवाय कॅमेऱ्याचा अंधारातला अदृश्य उजेड पाटीवर पडला की पाटी आरशासारखी चमकते, त्यामुळे तीही चिल्लर गेली.

या अदृश्य, म्हणजे इन्फ्रारेड, उजेडानं आमचा आणखी एक घात केला. पांढऱ्या झब्ब्यातला म्हणून आम्ही चार सज्जनांवर संशय घेतला होता. इन्फ्रारेडमध्ये हिरवी पानं पांढरीफेक दिसतात, पुण्यात बर्फ पडल्यासारखी, आणि गडद रंगाचे स्वेटरसुद्धा कित्येकदा पांढुरके येतात. मी माझं काळं जर्किन घालून रात्री कॅमेऱ्यासमोर उभा राहून पाहिलं. पडद्यावर साक्षात एक वारकरी उभा होता. शिवाय कॅमेऱ्याच्या तोंडाशी किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो, आणि त्याचं जाळं त्या उजेडात असं लखलखतं की एक अख्खी रात्र आमच्याकडे फक्त कोळ्याची सुरक्षा झाली.

बरं, मागच्या संकष्टीचं पाहू म्हटलं, तर ते पुसलं गेलेलं. एक टेराबाइटची, म्हणजे हजार जीबीची, डिस्क. कॅमेऱ्यामागे सेकंदाला दोन मेगाबिट धरले तरी दिवसाला बावीस जीबीच्या आसपास, आठांचे मिळून एकशे त्र्याहत्तर. सहा दिवसही पुरत नाहीत, जुनं खोडून नवं लिहिलं जातं. संकष्टी महिन्यातून एकदा येते. चोराला हे गणित माहीत नसणार, पण पंचांग त्याच्या बाजूनं होतं.

फोर-केचं कोटेशन मी फाईलला लावलं. फक्त एक कॅमेरा हलवला. कुंपणाच्या खांबावर, जास्वंदीपासून पाच मीटरवर, लेन्स सहा मिलिमीटरची, म्हणजे नजर अरुंद. दृश्य पाच मीटरपेक्षा किंचित कमी रुंद. डीव्हीआरमधला 'एन' काढून पुरते १९२० ठिपके चालू केले. त्या बदल्यात सेकंदाला पंचवीस चित्रांऐवजी बाराच मिळू लागली, पण फूल तोडायला माणूस थांबतोच. आणि कमिटीच्या विरोधाला न जुमानता झाडावर एक पिवळा दिवा लावला. मीटरला तीनशे नव्वद ठिपके! दिवाळीच्या आदल्या रात्री मोठा किल्ला पुरा झाल्यावर होत असे तसा आनंद मला झाला.

मंगळवारी पहाटे पाच अडतीसला चोर आला. आठ वाजता आम्ही पाच जण पुन्हा केबिनमध्ये.

काय चित्र होतं! रंगीत. मरून स्वेटर, डोक्याला शाल, कपाळावर कुंकू, हातात प्लॅस्टिकची बरणी. साठ-पासष्ट ठिपके रुंदीचा चेहरा, सुरकुत्यासकट. एका आजींनी टाचा उंचावून फांदी खाली ओढली, फूल तोडलं, फांदीला हळूच वर सोडलं आणि झाडाला नमस्कार केला.

केबिनमध्ये शांतता.

"कोण आहेत या?" अध्यक्षांनी विचारलं.

खजिनदारांनी मान हलवली. काकू पडद्याजवळ गेल्या, मागे आल्या, "आपल्या विंगच्या नाहीत" म्हणाल्या. बँकवाल्यांनी सवयीनं झूम करायला सांगितलं. केलं. अगदी कानातल्या कुड्याही मोजता आल्या. पाच ठिपक्यांत ज्यांना आपापले शत्रू छातीठोकपणे ओळखता आले होते, त्या पाचही जणांना साठ ठिपक्यांतली बाई ओळखता येईना. वीस वर्षं त्याच आवारात राहून. वॉचमन नवा होता, तोही म्हणाला, "पाहिल्यासारखं वाटतंय."

शेवटी ठराव झाला की चित्राची ए-फोर आकाराची प्रत काढून लिफ्टशेजारच्या फलकावर लावावी, खाली 'ओळख पटल्यास सेक्रेटरींशी संपर्क साधावा.' मी दबक्या आवाजात विरोध नोंदवला, तो इतिवृत्तात आला नाही. प्रत काढली, रंगीत, दहा रुपये, संस्थेच्या खात्यावर.

संध्याकाळी मी टाचण्या घेऊन फलकासमोर उभा होतो. वरच्या दोन लावल्या आणि तिसरी तोंडात धरली, तोच लिफ्टचं दार उघडलं. मरून स्वेटर. माझ्या तोंडातली टाचणी जवळजवळ पोटात गेली.

आजी माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही कमिटीतले ना? मी सी विंगला, लेकाकडे असते. कराडहून आले, दिवाळीपासून. इथं कुणी बोलतच नाही बघा." मग त्यांनी फलकाकडे तोंड केलं, डोळे बारीक केले, कागद हातानं चाचपल्यासारखा केला. "चष्मा वरच राहिला. कुणाचा फोटो लावताय हो? कुणी गेलं का?"

मी वरची एक टाचणी काढली. मग दुसरी.

"काही नाही आजी," मी कागदाची घडी करत म्हणालो, "रिझोल्युशन कमी आहे."