जावई, बेअरिंग आणि परभणीचं ऊन

मराठवाड्यात गाडीचं बेअरिंग गेलेलं कळायला चांगला रस्ता लागतो. आमच्या रोजच्या रस्त्यावर गाडीतून इतके आवाज येतात की त्यात एका चाकाची तक्रार कोण ऐकणार? जालन्याला समृद्धीवर चढलो, काटा 80च्या पुढं गेला, तेव्हा पायाखालून घूंऽऽ असा सूर लागला.

"काँक्रीटचा रस्ता आहे, तोच वाजतोय," बायको म्हणाली.

मी क्लच दाबला. इंजिन उतरलं, घूंऽऽ तसंच. हलकेच उजवीकडं घेतली की सूर चढायचा, डावीकडं घेतली की उतरायचा. उजवीकडं वळताना भार डाव्या चाकांवर जातो. म्हणजे दुखणं डावीकडचं. जॅकवर घेऊन पुढचं चाक हातानं फिरवलं, स्प्रिंगला बोटं लावली, तर बारीक खरखर थेट बोटांत आली.

गॅरेजवाला म्हणाला, "सोमवारी बघू." कुठला सोमवार, ते त्यानं सांगितलं नाही. मग घरीच करायचं ठरलं. नेमके तेव्हा मामा, म्हणजे माझे सासरे, लग्नसराईला आलेले. उभी हयात एसटीच्या वर्कशॉपात गेलेला माणूस. जावई पाना हातात घेतोय म्हटल्यावर लग्न राहिलं बाजूला.

एक्सेलचा नट चाक जमिनीवर असतानाच ढिला करावा लागतो आणि आत कुणीतरी ब्रेक दाबून बसावं लागतं. ब्रेकवर बायको बसली, फोन कानाला लावून. नटाची चेपलेली कड छिन्नीनं उचलली, पाना लावला, लोंबकळलो. नट ढिम्म. आमच्या गल्लीत घरटी एक तरी फेल गेलेला बोअर आणि भिंतीला टेकवलेला त्याचा पाइप असतोच. ज्या बोअरनं कधी तांब्याभर पाणी दिलं नाही, त्याचा पाइप पान्याच्या दांड्यात घातला. मामांनी एका बाजूनं जोर लावला, मी दुसऱ्या. कडाक्!

"नट सुटला का पाना तुटला?" मामांनी शांतपणे विचारलं.

नट सुटला होता. कॅलिपर, टायरॉड, बॉल जॉइंट हे सगळं शिव्या आणि हातोडा यांच्या मदतीनं निघालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरा छळ पुढं. हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, ठोकून काढला तर बेअरिंगची आतली अर्धी रेस, म्हणजे गोळ्या जिच्यावर धावतात ती रिंग, हबवरच बसून आली. ती निघेपर्यंत दुपार टळली. जुन्या रेसवर टवका सापडला, तिळाएवढा. त्या तिळानं अख्खा समृद्धी महामार्ग गाजवला होता!

आता नवं बसवायचं. घरात प्रेस कुठली? पण लोखंड तापलं की फुगतं, गारठलं की आकसतं. 70 मिलिमीटरच्या बेअरिंगमध्ये आणि त्याच्या घरात 80 अंशांचा फरक पाडला की सुमारे 0.07 मिलिमीटरची सूट मिळते आणि काम भागतं. बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवलं. जगात जर्मनी, भारतात परभणी. जर्मनीत हे तापवायला हीटर लावत असतील, आम्ही नकल, म्हणजे बेअरिंगचं ते लोखंडी घर, गच्चीवरच्या पत्र्यावर ठेवला. 43 अंशांच्या उन्हात तो पत्रा भाकरी भाजायच्या लायकीचा होता.

तेवढ्यात लाईट गेली. फ्रीजर उघडायचा नाही असं मी सगळ्यांना बजावलं. तरी पोरांनी दर पाच मिनिटांनी उघडून बेअरिंग गार झालं का ते पाहिलं, आणि जाताजाता एकेक कुल्फी नेली.

इकडं मामा ग्रीसचा डबा घेऊन तयार.

"मामा, हे सीलबंद असतं. ग्रीस कंपनीतूनच भरून येतं."

"आमच्या यष्टीला हाताच्या तळव्यावर घेऊन भरायचो. बिनग्रीसचं बेअरिंग म्हंजी बिनपुरणाची पोळी. कामून बसवायचं?"

बसच्या टेपर बेअरिंगला त्यांचं खरंच होतं, त्यामुळं वाद घालणंही अवघड. शेवटी जॅकचे आटे त्यांच्या स्वाधीन केले. आता आमच्यासारखा गुळगुळीत जॅक अख्ख्या परभणीत नसेल.

लाईट आली, फ्रीजर पुन्हा गारठला. आटे पाडलेला रॉड, जाड वायसर आणि जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग घेऊन नवं आत ओढलं. दाब फक्त बाहेरच्या रिंगवर द्यायचा. आतल्या रिंगवर दिला तर गोळ्यांचे वण रेसवर उठतात आणि नवंकोरं बेअरिंग पहिल्याच दिवशी रडायला लागतं. ते तळाला टेकलं, लॉक टक्कन बसलं आणि गल्लीतल्या प्रेक्षकांनी पांगायला सुरुवात केली.

संध्याकाळी वसमत रोडला चक्कर मारली. आवाज गायब. मी मागं वळून कौतुकाची वाट बघितली. मामा डोळे मिटून उजव्या खिडकीला कान लावून बसलेले.

"उजवंबी वाजू लालंय बगा."

"मला तर काही ऐकू येत नाही."

"यष्टीत आम्ही जोडीनंच बदलायचो."

घरी आलो, गाडी लावली, हात धुवून बाहेर येतो तर मामांनी बोअरचा पाइप उजव्या चाकाच्या नटाला लावलेला. आणि बायको, कुणी न सांगता, फोन कानाला लावून ब्रेकवर.