चेहऱ्याला काहीही करू नका (आणि तेही रोज दोन वेळा)

संवेदनशील त्वचा ज्याची असते, त्याचा चेहरा फक्त त्याचा राहत नाही. त्यावर मावशीचा हक्क असतो, शेजारच्या काकूंचा असतो, ऑफिसात समोरच्या टेबलावर बसणाऱ्याचा असतो आणि केमिस्टच्या काउंटरमागच्या पोराचा तर सगळ्यांत जास्त असतो. गुडघा दुखतो म्हटलं तर लोक निदान 'डॉक्टरांना दाखवलंस का' असं विचारतात. गालावर लाली दिसली की थेट स्वयंपाकघराकडे बोट दाखवतात. लिंबू लाव. डाळीचं पीठ लाव. सायीत हळद कालवून लाव. आणि कशानेच भागलं नाही, तर त्यावर टूथपेस्ट थापून झोप.

खरा दिनक्रम इतका छोटा आहे की कुणाला सांगायला संकोच वाटावा. सकाळी नुसत्या पाण्याने चेहरा धुवायचा, मॉइश्चरायझर लावायचं, त्यावर सनस्क्रीन. रात्री सौम्य क्लीन्झरने धुवायचा, पुन्हा मॉइश्चरायझर. झालं. तीन वस्तू. हे बसवायला दोन दिवस पुरतात. त्यात चौथी डबी शिरू न देण्यात वर्ष जातं.

आधी साबणाचं बघू, कारण घरात पहिलं भांडण त्यावरूनच होतं. वेष्टनावर 'टीएफएम ७६ टक्के' छापलेलं असतं आणि घरातलं कुणीतरी ते बोट ठेवून वाचून दाखवतं: ग्रेड वन साबण आहे, याने काय होणार? टीएफएम म्हणजे साबणातल्या एकूण स्निग्धाम्लांचं प्रमाण. ते जास्त असलं की साबण लवकर विरघळत नाही, भरीची पावडर कमी असते, पैसे वसूल होतात. पण तो उरतो साबणच, आणि साबणाचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कली मोजायचं माप, ९ ते १० असतो. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, साधारण ४.५ ते ५.५. पीएचच्या मोजपट्टीवर एकेक पायरी दहापटीची असल्यामुळे हा फरक दहा हजार पटींच्या घरात जातो. त्वचेचा सगळ्यांत बाहेरचा थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा, बऱ्याचदा त्याहूनही पातळ. मृत पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधलं सिरामाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्लांचं मिश्रण म्हणजे सिमेंट, ही उपमा त्वचातज्ज्ञांचीच आहे. साबण मळ आणि सिमेंट यांत भेद करत नाही. धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा वाटतो त्याला आपण 'स्वच्छ वाटतंय' म्हणतो. ते सिमेंट गेल्याचं लक्षण असतं. त्यात पाणी बोअरचं असेल तर त्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून चिकट थर करतं, तो नीट धुतलाही जात नाही. बादलीच्या कडेला जी पांढरी रेघ बसते, तीच.

म्हणून साबण नसलेली, पीएच ५.५ च्या आसपासची वडी किंवा लोशनसारखं क्लीन्झर घ्यायचं. घटकांच्या यादीत सोडियम कोकॉयल आयसेथिओनेट वगैरे नाव दिसलं तर चांगलं. सोडियम लॉरिल सल्फेट दिसलं तर बाटली परत ठेवायची. प्रयोगशाळेत त्वचा मुद्दाम चिडवायची असली की प्रमाण म्हणून वापरतात तो पदार्थ हाच. सौम्य क्लीन्झरला फेस जवळजवळ येत नाही, त्यामुळे पहिला आठवडा आपण काही धुतलंच नाही असं वाटत राहतं. वाटू द्यावं. पाणी कोमट, म्हणजे मनगटावर गरम न लागणारं. गिझरच्या कढत पाण्याने आंघोळ करताना तोंडही त्याच धारेखाली धरायचं, हा हिवाळ्यातला सर्वात लोकप्रिय अपराध आहे. आणि पंच्याने चेहरा खसाखसा पुसायचा नाही, टिपायचा.

टिपताना थोडा ओलावा राहू द्यायचा आणि दोन-तीन मिनिटांत मॉइश्चरायझर लावायचं, कारण त्याचं मुख्य काम म्हणजे त्वचेत आधीच असलेलं पाणी अडवून धरणं. पूर्ण वाळल्यावर लावलं तर अडवायला फारसं काही उरलेलं नसतं. आता प्रमाण. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून ओढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. चेहरा आणि मान मिळून अशा अडीच रेघा लागतात, म्हणजे सव्वा ग्रॅम. दिवसातून दोनदा धरलं तर अडीच ग्रॅम, आणि ५० ग्रॅमची ट्यूब वीस दिवसांत संपायला हवी. तुमची सहा महिने पुरत असेल तर तुम्ही ते लावत नाही, देवाला गंध लावावं तसं नुसतं टेकवता. मराठी मध्यमवर्गाला हे गणित पटत नाही याची मला कल्पना आहे. म्हणूनच मी स्वस्त मॉइश्चरायझरच्या बाजूचा आहे. महागडी डबी काटकसरीने लावण्यापेक्षा साधी ट्यूब हात सैल सोडून लावलेली बरी. ग्लिसरिन, सिरामाइड, पेट्रोलॅटम, डायमेथिकोन यांतलं दोन-तीन असलं आणि सुगंध नसला की पुरे.

'सुगंध नसला की' यात मेख आहे. 'अनसेंटेड' लिहिलेल्या बाटलीत मूळ वास दडवण्यासाठी दुसरा सुगंध घातलेला असू शकतो. 'फ्रॅग्रन्स-फ्री' लिहिलेलं हवं. 'नैसर्गिक' या शब्दाने तर अजिबात विरघळू नये. लव्हेंडरचं तेल नैसर्गिकच असतं, आणि खाजकुइलीही. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटी दरवर्षी एका पदार्थाला 'वर्षाचा ऍलर्जेन' म्हणून निवडते. २०१३ चा मान मेथिलआयसोथायाझोलिनोन या संरक्षक द्रव्याला मिळाला. २०१७ चा मान अल्किल ग्लुकोसाइड्सना, म्हणजे जे 'नारळापासून बनवलेलं, बाळालाही चालेल' म्हणून सौम्य फेसवॉशमध्ये घालतात त्यांना. २०२३ मध्ये लॅनोलिन, मेंढीच्या लोकरीतली चरबी, जी कितीतरी लिप बाम आणि निपल क्रीममध्ये असते. हे सगळ्यांनाच बाधतं असं नाही, बहुतेकांना बाधत नाही. पण पुरस्कार स्वीकारायला त्यांच्यापैकी कुणी तुमच्या गालावर आलंच, तर वेष्टनावरच्या बाळाच्या फोटोकडे बघून उपयोग नाही.

आता स्वयंपाकघर. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास. शिवाय सालीत आणि रसात असे पदार्थ असतात की त्यावर ऊन पडलं तर फोड येऊन नंतर महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. खायचा सोडा उलट टोकाचा, आठच्या वर. मुलतानी माती तेल शोषते. कोरड्या, चिडलेल्या त्वचेत शोषण्यासारखं तेल मुळातच कमी, त्यामुळे ती वाळताना चेहऱ्याला तडे गेल्यासारखं वाटतं. ग्लिसरिन, गुलाबपाणी आणि लिंबू ही आजीची बाटली मात्र दोन तृतीयांश बरोबर होती असं म्हणता आलं असतं, पण गुलाबपाण्यातही सुगंध आलाच. ग्लिसरिन तेवढं उरतं. कुंडीतली कोरफड लावायचीच असेल तर पात कापून उभी ठेवून पिवळा चीक पूर्ण निथळू द्यावा, मग मधला पारदर्शक गर घ्यावा. खाज सुटते ती बहुतेकदा त्या चिकाने, आणि दोष जातो बिचाऱ्या गराला.

दिवाळीतल्या उटण्याबद्दल बोलायलाच हवं, कारण वर्षभर सांभाळलेली त्वचा नरक चतुर्दशीच्या पहाटे एका मुठीत जाते. उटण्यात नागरमोथा, कपूरकचरी, वाळा, आंबेहळद, संत्र्याची साल असं सगळं सुवासिक आणि सगळं भरडलेलं. म्हणजे ज्या दोन गोष्टी टाळायच्या, सुगंध आणि घासणं, त्या एकाच वाटीत. अभ्यंगातला तेलाचा भाग चांगलाच आहे, तो मनापासून करावा. उटणं हातापायांना लावावं. चेहऱ्याला लावलं नाही तर यमधर्म विचारायला येत नाही, आई येते. तिला 'लावलं' म्हणून सांगावं.

सनस्क्रीन घेताना झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायॉक्साइडचं घ्यावं, ती डोळ्यांभोवती सहसा चुरचुरत नाहीत. एसपीएफ ३० किंवा जास्त. तर्जनी आणि मधलं बोट यांवर पूर्ण लांबीच्या दोन रेघा, एवढं चेहऱ्याला आणि मानेला. आपल्या रंगावर ते पांढरट दिसतं, हे खरं आहे. आयर्न ऑक्साइड घातलेलं, किंचित रंगीत मिळतं ते बघावं.

दाढी करणाऱ्यांनी आंघोळीनंतर करावी, केस वाढतात त्या दिशेने, आणि ब्लेड ओढायला लागण्याआधी बदलावं. सलूनमध्ये तुरटी फिरवली की झोंबतं, आणि झोंबलं म्हणजे गुण आला अशी पुरुषांची ठाम श्रद्धा आहे. आफ्टरशेव्हचा धंदा या एका श्रद्धेवर उभा आहे.

चौथी डबी बहुतेक वेळा पांढऱ्या ट्यूबच्या रूपाने येते. केमिस्टकडचा पोरगा म्हणतो, 'हे लावा, तीन दिवसांत जाईल.' आणि तीन दिवसांत जातं, हीच तर पंचाईत. त्यात बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोनसारखं स्टेरॉइड असतं; गोरेपणासाठी म्हणून खपणाऱ्या ट्यूबमध्ये जोडीला हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. महिनोन्‌महिने लावलं की त्वचा पातळ होते, गालावर लाल केशवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, लव वाढते. आणि बंद करावं तर चेहरा असा भडकतो की माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब आणतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी याला 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस' असं नावच दिलंय. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. चिठ्ठी कुणी मागतं का, हे तुमच्या नाक्यावरच्या दुकानात जाऊन बघा. इथे विनोद थांबवतो: महिनोन्‌महिने अशी ट्यूब लावत असाल तर ती अचानक फेकू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा. कशी उतरवायची ते त्यांनी ठरवायचं असतं.

एरवी चेहरा भडकला तर सगळं बंद करून चार आठवडे फक्त क्लीन्झर आणि मॉइश्चरायझर. चार का, तर वरचा थर पूर्ण बदलायला साधारण तेवढा वेळ लागतो. वय वाढलं की जास्त. मग एकेक वस्तू परत आणायची, दोन वस्तूंमध्ये दोन आठवड्यांचं अंतर ठेवून. नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस. या काळात नियासिनामाइड १० टक्के, अमुक आम्ल, तमुक सीरम अशा जाहिराती फोनवर दिसत राहतात. नियासिनामाइडला २ ते ५ टक्के पुरतात, आणि आत्ता तेही नको.

आणि संशय फक्त क्रीमवर घेऊ नये. कपाळ आणि कानामागे खाज असेल तर केसांच्या काळ्या रंगातलं पीपीडी हे रसायन बघावं. 'काळी मेंदी' म्हणून मिळते त्यातही बहुधा तेच असतं. कपाळाच्या मधोमध टिकलीच्याच आकाराचा चट्टा असेल तर तो टिकलीमागच्या गोंदाचा, आणि तो कधीकधी पांढरा डाग सोडून जातो.

तरीही उलगडा होत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात. पाठीवर छोट्या छोट्या चकत्यांमधून वेगवेगळी द्रव्यं चिकटवतात, ४८ तासांनी काढून पहिलं वाचन करतात आणि ९६ तासांच्या सुमाराला दुसरं. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काही करायचं नाही, खाजवायचं नाही, कारण पट्ट्या सुटल्या किंवा खुणा पुसल्या की सगळं पहिल्यापासून. तेव्हा मुंबईत राहत असाल तर मे महिन्यातली तारीख घेऊ नका, जानेवारीतली मागा. आणि घरात कुणी प्रेमाने पाठीवर थाप मारणारं असेल, तर त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.